उडण्याआधीचं मोजमाप

मराठीत घरी बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की तळपद्यांचं नाव निघतंच. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान उडवलं, तेही राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, ही गोष्ट आपल्याकडे घरगुती गप्पांपासून हिंदी सिनेमापर्यंत सगळीकडे पोचली आहे. तळपद्यांचं नाव ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी जोडलं जातं, त्या ग्रंथातली विमानं बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच तपासली होती. ती उडण्याजोगी नाहीत आणि ग्रंथही विसाव्या शतकातलाच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. तरी २०१५च्या जानेवारीत मुंबईत इंडियन सायन्स काँग्रेस भरली तेव्हा प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच, आणि पुढे महिनाभर वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं.

तळपद्यांची खटपट खोटी होती असं मला म्हणायचं नाही. मुंबईतला एक माणूस त्या काळात उडत्या यंत्राच्या मागे लागतो, यातच त्याचं मोठेपण आहे. अडचण इतकीच की ते यंत्र किती उंच गेलं, किती सेकंद टिकलं, त्याला जोर किती मिळाला, याची त्याच दिवशी केलेली नोंद आजवर कुणी पुढे ठेवलेली नाही. उलट १७ डिसेंबर १९०३ला किटी हॉकच्या वाळूवर जे विमान उभं होतं, त्यावर तीन उपकरणं बसवलेली होती : फ्रेंच बनावटीचा रिशार वायुवेगमापक, एक स्टॉपवॉच आणि इंजिनाचे फेरे मोजणारा काउंटर. तिन्ही एकदम थांबतील अशी त्यांची जोडणी होती. सायकलच्या दुकानात बांधलेलं ते विमान, त्यातलं इंजिनही दुकानातल्याच चार्ली टेलर या मिस्त्रीने घडवलेलं. म्हणजे आजच्या भाषेत होमबिल्टच. जगातलं पहिलं यशस्वी होमबिल्ट विमान उडालं ते मोजमापाची सोय अंगावर घेऊन. 'पहिलं कोण' या वादात मला रस नाही. पण राइट बंधूंची बाजू इतकी भक्कम का, याचं निम्मं उत्तर त्या तीन डब्यांत आहे.

हे पुस्तक त्या डब्यांच्या आजच्या वारसांबद्दल आहे. स्वतः बांधलेल्या विमानात उड्डाणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं कशी बसवायची, इंजिनावर कुठे कोणता सेन्सर लावायचा, त्यांच्या तारा कशा न्यायच्या, आणि शेवटी पडद्यावर जो आकडा दिसतो त्यावर विश्वास कधी ठेवायचा. माझ्या माहितीत मराठीत या विषयावर सलग लेखन झालेलं नाही. विमान बांधण्याच्या कहाण्या आहेत, त्याही प्रेरणादायी वगैरे. त्यांत पंख येतात, पत्रा येतो, कर्ज येतं, बायकोचे दागिने येतात. वायरिंग कधीच येत नाही.

नवख्या वाचकासाठी थोडा नकाशा काढतो. विमानाच्या पॅनेलवर तीन प्रकारचं काम चालतं. एक, विमान हवेत कसं आहे ते सांगणं : वेग, उंची, चढ-उताराचा दर, नाक कुठे आहे, पंख किती कलले आहेत. दुसरं, आपण कुठे आहोत आणि कुणाशी बोलतो आहोत : रेडिओ, ट्रान्सपाँडर, उपग्रहावरून मिळणारी जागा. यात आता आपली गगन प्रणालीही आहे, इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलेली. तिसरं, इंजिनाची तब्येत. या तिसऱ्या भागाला पुस्तकात सगळ्यांत जास्त पानं मिळाली आहेत, आणि मला ते योग्य वाटतं. पहिल्या दोन भागांतली उपकरणं बहुधा तयार डब्यात येतात. इंजिनावरचे सेन्सर मात्र बांधणाऱ्याने स्वतःच्या हाताने भोकं पाडून, फिटिंग घट्ट करून, तारा क्रिम्प करून बसवायचे असतात. चूक व्हायला जागा तिथेच.

सुरुवातीच्या काळात पॅनेल जवळजवळ रिकामं असे. लिंडबर्गने १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडला तेव्हा वजन वाचवण्यासाठी रेडिओसुद्धा घेतला नव्हता. दोनच वर्षांनी, २४ सप्टेंबर १९२९ला, जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर न पाहता, फक्त उपकरणांवर विमान चढवून-उतरवून दाखवलं. कॉल्समनचा नाजूक उंचीमापक आणि स्पेरीचे जायरो यांच्या जोरावर ते जमलं. तिथून व्यावसायिक विमानांचं पॅनेल भरत गेलं. हौशी बांधणाऱ्यांची वाट मात्र वेगळी राहिली. अमेरिकेत पीटनपोलने फोर्ड मोटारीचं इंजिन लावून लाकडी 'एअर कॅम्पर' बांधलं, फ्रान्समध्ये आंरी मिन्ये याच्या छोट्या विमानाने तिशीच्या दशकात हौशी लोकांना वेड लावलं. या मंडळींना दोन-चार काटे पुरत. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नीने विस्कॉन्सिनमध्ये एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली आणि हौशी बांधणीला संघटना मिळाली. सत्तरच्या दशकात बर्ट रुटानची फोम आणि काचधाग्याची विमानं आली, रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेनची अ‍ॅल्युमिनियमची आरव्ही मालिका आली. आज जगभरात अकरा हजारांहून अधिक आरव्ही उडाल्या आहेत. एका अर्थी पंख आणि पत्रा यांचा प्रश्न तयार भागांच्या किटने सोडवला. मग बांधणाऱ्याचं डोकं पॅनेलकडे वळलं.

इंजिन मोजण्याची कथा निराळी आहे आणि मला जास्त आवडते. मोठ्या पिस्टन इंजिनांच्या प्रवासी विमानांत इंजिनाकडे बघायला स्वतंत्र फ्लाइट इंजिनिअर बसत असे. छोट्या विमानात तो चालकच. साठच्या दशकात अल हुंडेरे याने अल्कोर कंपनीतर्फे एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा लोकप्रिय केला. इंधन आणि हवेचं प्रमाण कानाने न ठरवता आकड्याने ठरवता येऊ लागलं. पुढे प्रत्येक सिलिंडरचं तापमान वेगळं दाखवणारे मॉनिटर आले. मग २००० नंतर स्वस्त झालेले सिलिकॉनचे इवलेसे जायरो आणि प्रवेगमापक हौशी विमानांत शिरले. डायनॉनसारख्या कंपन्यांनी काचेचे पडदे सामान्य बांधणाऱ्याच्या आवाक्यात आणले, गार्मिनही मागोमाग उतरली. गंमत अशी की प्रमाणित विमानांच्या मालकांना जे पडदे मान्यतेच्या कागदांत अडकल्यामुळे मिळत नव्हते, ते हौशी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये आधी पोचले.

यातून पंथ पडले. गोल काट्यांचे निष्ठावंत अजून आहेत. वीज गेली तरी वायुवेग आणि उंची दाखवणारं पितळी उपकरण त्यांना हवं असतं, आणि त्यांचं म्हणणं पोरकट नाही. दुसरे सगळं एका पडद्यावर आणतात. हे बहुसंख्य. तिसरे दोन स्वतंत्र पडदे, प्रत्येकाला वेगळी बॅटरी, शिवाय कोपऱ्यात एखादा काटा, अशी तडजोड करतात. चौथा पंथ सगळ्यांत उचापती : स्वतः सर्किट जोडणारे, रास्पबेरी पाय या इवल्या संगणकावर रिसीव्हर बनवणारे, कॅन बस या सामायिक तारजोडीवर आपले सेन्सर बोलते करणारे. पुस्तक यांतल्या कुणाची बाजू घेत नाही. मी घेतो. ज्या माणसाला बिघाड झाल्यावर कुठला फ्यूज गेला ते अंधारात सांगता येत नाही, त्याने चौथ्या पंथाच्या वाटेला जाऊ नये. विद्युत जोडणीबाबत बॉब नकल्स यांनी आयुष्यभर मांडलेला विचार या पुस्तकाच्या मुळाशी आहे : कुठलाही एक भाग निकामी झाला तरी उड्डाण संकटात जाऊ नये, अशी रचना कागदावर आधी करा आणि मगच तार कापा.

आता थोडं खोलात जातो, कारण विषयाची चव तिथे आहे.

सिलिंडर हेडचं तापमान थर्मोकपलने मोजतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला जोडलेल्या, त्यांत तापमानाच्या फरकाने निर्माण होणारा अगदी अल्प विद्युतदाब. आपल्या शिरोळ-हातकणंगल्यातल्या साखर कारखान्यांत इन्स्ट्रुमेंट विभागात काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. बॉयलरवर रोज हेच बघतात. तार कमी पडली तर कॉम्पेन्सेटिंग केबलच जोडायची, साधी तांब्याची नाही, हे तिथला हेल्परही जाणतो. विमान बांधणारा इलेक्ट्रिकलवाला मात्र नेमका इथे घसरतो. समजा इंजिनच्या खोलीत, ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या जागी, त्याने तांब्याची तार जोडली. उपकरण कॉकपिटमध्ये, ३० अंशांत. उपकरण हिशोब धरतं ३०चा, तांब्याचा जोड आहे ६०ला. हेड प्रत्यक्षात २१० अंशांवर असेल तर पडदा १८० दाखवेल. तार तुटलेली नाही, आकडा स्थिर आहे, लाल दिवा लागलेला नाही. तीस अंशांचं खोटं, अगदी शांतपणे सांगितलेलं. लायकोमिंग इंजिनाच्या हेडची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरेनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस. पण दीर्घ आयुष्य हवं तर बरंच खाली राहावं लागतं, आणि तिथे हे तीस अंश फार महाग पडतात.

तेलाच्या दाबाचा सेन्सर थेट इंजिनावर, पितळी निपलवर उभा करणं ही दुसरी ठेवणीतली चूक. इंजिन सतत कापत असतं, सेन्सरला वजन असतं, निपलला हळूहळू तडा जातो आणि तेल बाहेर. दाब मोजण्याच्या नादात दाबच घालवायचा! म्हणून इंजिनातून लवचीक होज काढून सेन्सर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पोलादी पत्र्यावर बसवतात, आणि इंजिनाच्या बाजूच्या फिटिंगमध्ये बारीक छिद्राचा रोधक घालतात, म्हणजे होज फाटली तरी तेल धारेने जाणार नाही.

इंधनाच्या टाकीचा सेन्सर बसवणं सोपं, त्याला शिकवणं कंटाळवाणं. टाकी पूर्ण रिकामी करायची, ठरावीक मापाने पाच-पाच लिटर ओतायचं, प्रत्येक वेळी आकडा लिहायचा. शेपटीला चाक असलेलं विमान असेल तर हे सगळं शेपूट उचलून, उड्डाणातल्या स्थितीत. पंखाला वरच्या दिशेने कोन असेल तर फ्लोट टाकी भरायच्या आधीच वर टेकतो आणि शेवटचे काही लिटर त्याला दिसतच नाहीत. हे दोष दुरुस्त करायचे नसतात, माहीत असावे लागतात.

आणि अर्थिंग. या प्रकरणाला पुस्तकात एवढी जागा कशाला, असं मला आधी वाटलं होतं. वाचून झाल्यावर ती कमी वाटली. अ‍ॅल्युमिनियमच्या विमानात सांगाडाच परतीची तार होतो, त्यामुळे लोक कुठेही स्क्रू मारून अर्थ घेतात. मग लँडिंग लाइट लावला की तेलाचं तापमान पाच अंशांनी उडी मारतं. तेल तापलेलं नसतं. दिव्याचा प्रवाह सेन्सरच्याच वाटेने परतत असतो. इंजिनची अर्थ पट्टी सैल असेल तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह थ्रॉटलच्या केबलमधूनही वाट काढतो. काचधाग्याच्या विमानात सांगाडा वीज नेतच नाही, तिथे प्रत्येक परतीची तार स्वतंत्र न्यावी लागते, अँटेनाखाली तांब्याचा पातळ पत्रा घालावा लागतो. सगळ्या उपकरणांची परतीची वाट एकाच जागी आणणं हा उपाय ऐकायला साधा आहे. विमान पूर्ण झाल्यावर तो करायला गेलं तर सगळं पॅनेल खोलावं लागतं.

बारीकसारीक गोष्टींचा तर अंत नाही. आरव्ही विमानांत स्थिर दाबाचं छिद्र एका गोल डोक्याच्या रिव्हेटमधून घेतात. दिसायला बरं म्हणून कुणी ते डोकं सपाट केलं तर वायुवेगात फरक पडतो. चुंबकीय दिशा सांगणारा सेन्सर पोलादी बोल्टजवळ बसवला तर दिशा बिघडते. साध्या पीव्हीसी आवरणाची तार जळाली तर तिचा धूर विषारी, म्हणून टेफझेल आवरणाची.

आमच्या नृसिंहवाडीत हे समजावणं तसं सोपं आहे. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठावरचा प्रत्येक माणूस आकडे वाचतो. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५. पण दत्ताच्या देवळात पाणी कधी शिरणार, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडत दक्षिणद्वार कधी होणार, हे फुटांवरून कुणी ठरवत नाही. तासाला किती इंच चढतंय, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, कोयनेतून विसर्ग किती, यावरून ठरवतात. इंजिन मॉनिटरही असाच वाचायचा असतो. एका सिलिंडरचं एक्झॉस्ट बाकीच्यांपेक्षा वर चाललं आणि हेड मात्र थोडं थंड, तर त्याच्या दोन प्लगांपैकी एक काम करत नाही अशी शंका घ्यावी. प्लगांना ठिणगी पुरवणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एक बंद करून पाहिल्यावर सगळ्यांचं एक्झॉस्ट तापमान वाढायला हवं. एखाद्याचं पडलं तर तिथला चालू असायला हवा तो प्लग मेला. लाल रेषा ओलांडायची वाट पाहणारा चालक उशिरा जागा होतो.

हे सारं आता का, असा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे घरी विमान बांधणारे किती? फार थोडे. तरी या थोड्यांतलं सर्वांत गाजलेलं काम मराठी माणसाचंच आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी. उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं ऑगस्ट २०२० मध्ये. प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंत साडेचार वर्षं. या काळातल्या बातम्या वाचल्या तर त्यांत जमीन, कोटींचे आकडे, मंत्री आणि फायली एवढंच सापडतं. त्या विमानात कोणता सेन्सर कुठे आहे, चाचणीत तापमानं किती आली, हे विचारणारा एकही वार्ताहर मला आढळला नाही. दोष वार्ताहरांचा नाही. विचारायला शब्दच नव्हते. शासकीय दिरंगाईवर राग काढणं योग्यच आहे, पण नियामकाच्या टेबलावर भावना चालत नाहीत, मोजलेली नोंद चालते. ती ठेवायला बांधणाऱ्याने पहिल्या दिवसापासून शिकायला हवं.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या खासगी विमानांत यांचं प्रमाण सुमारे १० टक्के, पण २०११च्या अपघातांत १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के. इंजिन दगा देणं आणि विमान ताब्याबाहेर जाणं ही मुख्य कारणं, आणि बरेच अपघात पहिल्या काही उड्डाणांतले. मंडळाने केलेल्या शिफारशींत दोन आपल्या कामाच्या : उडण्याआधी इंधन यंत्रणेची प्रत्यक्ष चाचणी घ्या, आणि चाचणी-उड्डाणांत इलेक्ट्रॉनिक पडद्यांनी साठवलेली माहिती वापरा. म्हणजे जो पडदा लोक शोभेसाठी विकत घेतात, तो चाचणीचा लेखनिक आहे.

तिसरं कारण आपल्या भागाचं. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना बरोबर घेऊन स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला तो कोल्हापुरात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखान्याचं गाव वसवलं ते इथून जवळच. उद्यमनगरच्या लेथवर आणि इचलकरंजीच्या मागांवर हात बसलेली माणसं इथे घराघरांत आहेत, कारखान्यांच्या इन्स्ट्रुमेंट विभागांतून निवृत्त झालेलीही. या हातांना विमानाच्या सेन्सरांत परकं काही नाही. परकी होती ती भाषा आणि विमानाचे खास नियम.

पुस्तकाने स्वतःची मर्यादा नीट आखली आहे. विमान कसं बांधावं हे ते सांगत नाही, कुठली कंपनी घ्यावी हेही नाही. पडद्यांची मॉडेलं दोन वर्षांत जुनी होतात. थर्मोकपल, दाब, अर्थ आणि कंप यांचं वागणं बदलत नाही, म्हणून भर त्यावर. तांत्रिक शब्द कार्यशाळेत बोलतात तसेच ठेवले आहेत. सुरुवातीची प्रकरणं सावकाश वाचावीत. आकृत्या नुसत्या पाहू नयेत, वही घेऊन पुन्हा काढाव्यात.

एक ताकीद मात्र प्रस्तावनेतच देणं भाग आहे. या पुस्तकाच्या आधारावर कुणी विमान उडवायला जाऊ नये. उपकरण आणि इंजिन यांच्या निर्मात्यांच्या पुस्तिका आधी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे चालू नियम त्याहून आधी. प्रक्षेपण करणाऱ्या रेडिओला दूरसंचार विभागाची परवानगीही लागते, आणि आपत्कालीन बीकन इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्रात नोंदवावा लागतो. हे टाळून कुणी शेतात धावपट्टी आखली तर पुस्तक त्याच्या बाजूने उभं राहणार नाही.

वाचकांतल्या जाणत्या मिस्त्रींना, इन्स्ट्रुमेंटवाल्यांना आणि फ्लाइंग क्लबांत काम करणाऱ्या तंत्रज्ञांना माझी विनंती आहे की चूक दिसली, किंवा याहून चांगली पद्धत तुमच्या हातात असेल, तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर लिहा. काय जोडलं, कशाने मोजलं आणि किती आलं, एवढं पत्रात असू द्या. पुढच्या आवृत्तीत ते घेता येईल.

नृसिंहवाडी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर